भंगारातील मोटर, कूलर आणि फवारणी पंप किती खोलावेत : परवडेल असे नियोजन

विदर्भातील तालुक्याच्या गावी मोटर वायंडिंगचे किंवा भंगार खरेदीचे दुकान चालविणाऱ्यांकडे वर्षभरात प्रामुख्याने तीन प्रकारचा माल येतो : विहिरीतून आणि बोअरमधून निघालेले जळके पंप, गंजलेले पत्र्याचे कूलर आणि कपाशीचा हंगाम संपल्यावर टाकून दिलेले बॅटरीवरचे फवारणी पंप. हा माल तसाच किलोवर विकला तर हाती फारसे काही उरत नाही, आणि प्रत्येक नग शेवटच्या स्क्रूपर्यंत खोलत बसले तर मजुरीच अंगावर येते. या दोन टोकांच्या मध्ये प्रत्येक वस्तूसाठी थांबण्याची एक जागा असते, आणि ती पाना हातात घेण्यापूर्वीच ठरवता येते. ती कशी ठरवावी, हे येथे मांडले आहे. पुढे दिलेले भाव उदाहरणापुरते धरलेले आहेत. आपल्या बाजारातील चालू भाव घालून हेच गणित प्रत्येकाने पुन्हा करावे.

मिनिटाचा खर्च

बहुतेक दुकानांत तांब्याचा आजचा भाव तोंडपाठ असतो, पण कारागिराचे एक मिनिट कितीला पडते हे कोणी सांगू शकत नाही. नियोजनाची सुरुवात या आकड्यापासून होते. समजा, एका माणसाची दिवसाची मजुरी 500 रुपये आहे आणि जागेचे भाडे, वीज, ग्राइंडरच्या चकत्या व हत्यारांची झीज मिळून दिवसाला 100 रुपये येतात. आठ तासांची 480 मिनिटे होतात, परंतु चहा, गिऱ्हाईक, हत्यार शोधणे आणि वीज जाणे वजा केल्यास प्रत्यक्ष कामाची 400 मिनिटे हाती लागतात. म्हणजे एका मिनिटाचा खर्च दीड रुपया झाला. मालक स्वतः काम करीत असेल तर स्वतःची मजुरी शून्य धरण्याची चूक करू नये, कारण त्याच वेळात तो एखादी मोटर बांधून जास्त कमवू शकला असता.

दुसरा आकडा वेळेचा. एकाच जातीचे तीन नग घ्यावेत, त्यांतील एक बऱ्या स्थितीतला, एक मध्यम आणि एक पुरता गंजलेला असावा, आणि मोबाइलवर वेळ लावून प्रत्येक टप्प्याची मिनिटे वहीत लिहावीत. सर्वांत कमी वेळ लागलेल्या नगावर हिशेब बांधू नये. गावात येणारा माल बहुधा तिसऱ्या प्रकारचा असतो.

तिसरा आकडा अंदाजाचा आहे आणि तो वहीशिवाय मिळत नाही : दहा नगांपैकी किती नगांतील तो भाग चालू निघतो. चालू मोटरचा भाव 400 रुपये असेल आणि दहापैकी चारच चालू निघत असतील, तर प्रत्येक नगामागे 400 नव्हे तर 160 रुपये धरायचे आणि उरलेल्या सहा जळक्या मोटरींचा भंगाराचा भाव त्यात वेगळा मिळवायचा. हा भेद न केल्यामुळे भंगाराचे सौदे नेहमी कागदावर फायद्याचे आणि गल्ल्यात तोट्याचे ठरतात.

कोणता भाग कोणाला अडवतो

वस्तूचा पहिला नग खोलताना कागदावर एक साधी आकृती काढावी. प्रत्येक भागासाठी एक चौकट काढावी, आणि जो भाग निघाल्याशिवाय दुसरा निघत नाही त्याच्यापासून त्या दुसऱ्याकडे बाण काढावा. कूलरमध्ये जाळी निघाल्याशिवाय पाते निघत नाही आणि पाते निघाल्याशिवाय मोटर निघत नाही; मात्र पाण्याचा छोटा पंप आणि स्विचची पट्टी या दोघांना कोणी अडवीत नाही, त्यामुळे ते केव्हाही काढता येतात. अशी आकृती तयार असली की दोन माणसांना एकाच कूलरवर एकमेकांच्या हाताआड न येता लावता येते.

याच आकृतीवर प्रत्येक टप्प्याची मिनिटे आणि त्यातून मिळणारे रुपये लिहावेत. पुढच्या टप्प्याची अपेक्षित किंमत त्याच्या खर्चापेक्षा जास्त असेल तर पुढे जावे, कमी असेल तर थांबावे, असा सरळ नियम वरवर पाहता पुरेसा वाटतो, पण त्यात एक खोच आहे. जाळी काढण्याला काहीच किंमत मिळत नाही. म्हणून तेथेच थांबले तर मोटर आतच राहील. त्यामुळे हिशेब एकेका स्क्रूचा न करता, ज्या भागासाठी आपण आत शिरत आहोत तेथपर्यंतच्या सगळ्या टप्प्यांचा मिळून करावा. अशा प्रत्येक मुक्कामापर्यंतची एकूण कमाई वजा एकूण खर्च काढल्यावर जो मुक्काम सर्वांत जास्त शिल्लक दाखवितो, तीच थांबण्याची जागा. त्यापुढे आणखी धातू असतो हे खरे. परंतु तो काढण्याचा खर्च त्याच्या भावापेक्षा जास्त असतो आणि तो धातू पुढच्या मोठ्या खरेदीदाराकडे यंत्रावर स्वस्तात निघतो.

क्रम लावताना हिशेबाच्याही आधी सुरक्षितता येते. कंडेन्सर (मोटरचा वीज साठवून ठेवणारा भाग), बॅटरी आणि विषारी द्रव्य यांचा बंदोबस्त झाल्याखेरीज दुसरे काही खोलू नये. कंडेन्सरची दोन टोके पेचकसाने जोडून ठिणगी पाडण्याची सवय वाईट आहे. दोन तारा लावलेला शंभर वॅटचा जुना बल्ब टोकांना काही क्षण धरला की साठलेला भार शांतपणे उतरतो. त्यानंतर नाजूक आणि पुन्हा विकता येण्याजोगे भाग काढावेत, आणि हातोडी, छन्नी व ग्राइंडर यांची पाळी सर्वांत शेवटी यावी. पत्रा आधी ठोकून मग आतली मोटर काढणाऱ्याची मोटर अनेकदा वाकड्या शाफ्टची निघते.

कूलर : एक पूर्ण हिशेब

चंद्रपूर, नागपूर, अकोला या भागांत मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, त्यामुळे कूलर नसलेले घर शोधावे लागते. होळीच्या सुमारास प्रत्येक जण जुना कूलर खाली काढतो आणि मृगाच्या पावसानंतर त्यातले अनेक भंगारात येतात. खरेदीचा काळ जून-जुलै आणि सुट्या भागांच्या विक्रीचा काळ मार्च-एप्रिल असा हा व्यवहार आहे, हे लक्षात ठेवावे. पैसा आठ-नऊ महिने अडकणार असेल तर खरेदीचा भाव त्या मानाने पाडूनच घ्यावा.

कूलरमधला छोटा पंप काढायला तीन मिनिटे आणि बादलीत चालवून पाहायला दोन मिनिटे लागतात, म्हणजे साडेसात रुपये. चालू पंपाला 80 रुपये मिळत असतील आणि दहापैकी तीन चालू निघत असतील, तर नगामागे 24 रुपये पडतात. हा टप्पा परवडतो, पण थोडक्यात परवडतो. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील कूलर असेल तर पंपावर क्षारांचा पांढरा थर बसलेला असतो आणि दहात एखादाच पंप फिरतो. तेव्हा पंप न तपासता प्लास्टिकच्या ढिगात टाकलेला बरा, कारण कमाई जेमतेम खर्चाइतकीच होते. एकाच जातीच्या मालाचे गावानुसार दोन ढीग करण्याचे कारण हेच.

मोटर काढायला नऊ आणि तपासायला पाच, अशी चौदा मिनिटे, म्हणजे 21 रुपये लागतात. चालू मोटर 400 रुपयांना जात असेल तर हा टप्पा निर्विवाद करावा. खरा प्रश्न जळक्या मोटरचा आहे. समजा, तीन किलोची मोटर अख्खी विकली तर तांब्याच्या वायंडिंगसाठी 70 रुपये किलोप्रमाणे 210 रुपये मिळतात. ती फोडली तर साडेतीनशे ग्रॅम तांबे 600 रुपये किलोने 210 रुपयांचे आणि उरलेले 2.6 किलो लोखंड 30 रुपयांनी 78 रुपयांचे, असे 288 रुपये होतात. फोडायला 25 मिनिटे, म्हणजे साडेसदतीस रुपये, आणि चकतीची झीज पाच रुपये वजा केल्यास अडीचशेला थोडे कमी उरतात. अख्ख्या विक्रीपेक्षा सुमारे 35 रुपये जास्त. आता तीच मोटर ॲल्युमिनियमच्या तारेची असेल तर अख्खी 35 रुपये किलोने 105 रुपयांना जाईल, आणि फोडल्यावर 200 ग्रॅम ॲल्युमिनियमचे 30 व लोखंडाचे 81, असे 111 रुपये होतील. त्यातून साडेबेचाळीस गेले की साडेअडुसष्ट उरतात. काम तेवढेच, मेहनत तेवढीच, पण एकीकडे 35 रुपयांचा फायदा आणि दुसरीकडे 36 रुपयांचा तोटा.

म्हणून मोटर फोडण्यापूर्वी तार ओळखणे हा सर्वांत मोलाचा अर्धा मिनिट आहे. आमच्याकडचे जुने कबाडी म्हणतात, “तांबं हाय का अल्मुनियम, थे पयले पाहा अन् मंग खोला.” नुसता रंग पाहून फसगत होते, कारण ॲल्युमिनियमच्या तारेवरचा मुलामाही तांबूस असतो. पात्याने तार खरवडावी. आत पांढरी चमक दिसली तर ॲल्युमिनियम. तथापि काही तारा ॲल्युमिनियमवर तांब्याचे पातळ कवच चढवलेल्या असतात, त्या खरवडल्यावरही तांब्यासारख्याच दिसतात. अशा वेळी पक्कडीने तार तिरपी कापून तिच्या तोंडाकडे उजेडात पाहावे : कडेला तांबडे कडे आणि मध्ये पांढरा ठिपका दिसला की ओळख पटते.

राहिला पत्र्याचा सांगाडा. सांगाडा बारा किलोचा आणि पत्र्याचा भाव 25 रुपये असेल तर त्याचे 300 रुपये होतात, आणि बोल्ट काढून सुटा केला म्हणून भाव वाढत नाही. यावरून तो खोलू नये असे वाटते, पण येथे खेड्यातील दुकानाचा हिशेब शहरातल्या दुकानापेक्षा वेगळा होतो. छोट्या मालवाहू गाडीचे नागपूरचे भाडे 2400 रुपये धरले आणि अख्खे सांगाडे आठच मावले, तर एका सांगाड्यामागे 300 रुपये भाडे पडते. म्हणजे माल फुकट नेल्यासारखे झाले. चपटे केलेले तीस सांगाडे मावले तर भाडे 80 रुपयांवर येते. येथे खोलण्याची किंमत धातूतून निघत नसून अंतरातून निघते. मात्र ती मिळविण्यासाठी गंजलेले बोल्ट सोडवत 25 मिनिटे घालविण्याची गरज नाही; कोपरे छन्नीने तोडून पत्रा ठोकून चपटा करणे सहा मिनिटांत, नऊ रुपयांत होते. खताची गाडी गावात माल उतरवून रिकामी परतत असेल आणि तिच्या चालकाशी कमी भाड्यात जमत असेल, तर हाच हिशेब पुन्हा उलटतो. पत्रा गॅस कटरने मात्र कापू नये, कारण त्यावरचा जस्ताचा थर तापून निघणाऱ्या धुराने थंडी-ताप भरतो.

लाकडी भुसकटाच्या जाळ्या आधी काढून टाकाव्यात. ओल्या भुसकटासकट वजन करणारा खरेदीदार पुढे तूट धरतो, आणि ती नेहमी प्रत्यक्षापेक्षा जास्तच धरतो.

पाणबुडी पंप

वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात पाणी खोल गेल्यामुळे तेथील बोअरच्या पंपांना टप्पे, म्हणजे एकावर एक बसविलेले पाणी ढकलणारे इम्पेलर, जास्त आणि केबल लांब असते. खारपाणपट्ट्यातील पंप क्षारांनी जाम झालेले असतात. वर्धा-यवतमाळकडच्या विहिरींवर आडवे पंप जास्त दिसतात. त्यामुळे पंप दुकानात येताच तो कोठून निघाला हे त्यावर रंगाने लिहावे. शेतीची थ्री-फेज वीज ठरावीक तासच मिळते, आणि एक फेज गेलेली असतानाही चालत राहिलेल्या मोटरी मोठ्या संख्येने जळून येतात. अशा मोटरीचे वायंडिंग गेलेले असले तरी पंपाची बाजू बहुधा शाबूत असते. उलट वाळू ओढलेल्या बोअरमधील पंपाची मोटर चांगली आणि इम्पेलर झिजलेले, असे चित्र असते. बिघाडाचे कारण विचारून घेतले तर कोणत्या बाजूने खोलायचे हे निम्मे ठरते.

सर्वांत आधी केबल पाहावी. पुष्कळ दुकानांत ती ओढून तोडली जाते आणि तांब्याच्या भावाने सोलली जाते. माझ्या मते या मालातील सर्वांत मोठी नासाडी हीच. सलग, बिनजोडाची तीन कोअरची चपटी केबल मीटरवर विकली तर तांब्याच्या भावापेक्षा बरेच जास्त देते. तिची परीक्षा सोपी आहे : दोन्ही टोके बाहेर ठेवून वेटोळे पाण्याच्या ड्रममध्ये रात्रभर बुडवावे आणि सकाळी 500 व्होल्टच्या मेगरने (वेष्टणाचा रोध मोजण्याच्या यंत्राने) प्रत्येक कोअर व पाणी यांमधील रोध मोजावा. रोध कोसळलेला दिसला तर केबल हळूहळू बाहेर ओढत जावे. ज्या ठिकाणी आकडा एकदम वर चढतो तेथे चीर असते. तेवढा तुकडा काढून उरलेले दोन लांब तुकडे वेगळे विकता येतात.

नंतर कपलिंगपाशी मोटर आणि पंप वेगळे करावेत. पंपाचा शाफ्ट हाताने फिरतो का, हे पाहावे. फिरत असेल तर वरची नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची टोपी काढून पहिला इम्पेलर कशाचा आहे ते बघावे. तो गनमेटलचा (तांबेमिश्रित धातूचा) असेल तर सगळे टप्पे उतरविणे परवडते, कारण झिजलेला इम्पेलरही भावाने जातो. तो प्लास्टिकचा असेल तर बाउल (इम्पेलरभोवतीचे कवच), शाफ्ट आणि कपलिंग यांपैकी जे गिऱ्हाइकाने मागितले आहे तेवढेच काढावे. शाफ्ट मुळीच फिरत नसेल तर नटांवर डिझेल सोडून पंप रात्रभर उभा ठेवावा. यात मजुरी जात नाही. सकाळीही नट दोन मिनिटांत हलला नाही आणि त्यामागचा भाग पुन्हा विकण्यासारखा नसेल, तर जोर करीत बसू नये, पंपाची बाजू बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) भावात अख्खी द्यावी.

पाण्याने भरलेल्या मोटरीचे वायंडिंग प्लास्टिकचे वेष्टण असलेल्या तारेचे असते आणि त्याला वॉर्निश पाजलेले नसते. त्यामुळे एका बाजूचे टोक कापले की दुसऱ्या बाजूने तारा खाचांतून ओढून काढता येतात आणि हे काम वेगाने होते. कोरड्या मोटरीत वॉर्निशमुळे तारा चिकटून बसतात, म्हणून काही जण स्टेटर (वायंडिंग बसविलेला मोटरचा स्थिर भाग) सरपणाच्या जाळात टाकतात. हे तिन्ही बाजूंनी महागात पडते. जळालेले काळे तांबे स्वच्छ तांब्यापेक्षा खालच्या भावाने जाते; प्लास्टिकच्या वेष्टणातून आम्लयुक्त आणि डायॉक्सिनसारखा विषारी धूर निघतो, जो वस्तीवरच बसतो; आणि स्टेटर पुन्हा बांधायचा असेल तर उघड्या जाळात तो 400 अंशांच्या वर सहज जातो, त्याच्या पत्र्यांमधले पातळ रोधक आवरण जळते आणि पुन्हा बांधलेली मोटर रिकामी फिरतानाही तापते. स्टेटर वाचवायचा असेल तर एक बाजू ग्राइंडरने सपाट कापून दुसऱ्या बाजूने खेचणीने तारा काढाव्यात.

रोटरच्या (मोटरच्या फिरणाऱ्या भागाच्या) टोकाचे कडे खरवडून पाहावे. ते तांब्याचे असेल तर रोटर बाजूला ठेवावा, कारण असे रोटर अख्खेच वेगळ्या भावाने घेणारे खरेदीदार मिळतात. पट्ट्या ठोकून काढण्यात वेळ घालवू नये. बाहेरच्या स्टीलच्या नळीला लोहचुंबक लावून पाहावे आणि चिकटत नसेल तर ती लोखंडाच्या ढिगात जाऊ देऊ नये. थ्रस्ट बेअरिंगचा कार्बन गुळगुळीत आणि बिनचिरेचा असेल तरच ते विक्रीसाठी ठेवावे. बॉल बेअरिंग मात्र कितीही चांगले फिरत असले तरी जुने म्हणून विकू नये. काढताना ते दुखावलेले असते आणि महिनाभरात आवाज करू लागले की गिऱ्हाईक तुटते.

फवारणी पंप

हा माल दिवाळीनंतर येतो. त्यात धातू जवळपास नाही, त्यामुळे किलोच्या हिशेबाने पाहणारा तो हातात घेत नाही. परंतु भागांच्या हिशेबाने तो चांगला आहे, कारण पुढच्या जुलैमध्ये नोझल, ट्रिगर, होज, चार्जिंगचा सॉकेट आणि 12 व्होल्टची छोटी मोटर यांसाठी शेतकरी दुकानात उभा असतो आणि त्याला फवारणीचा दिवस वाया घालवायचा नसतो.

खोलण्याआधी धुणे अनिवार्य आहे. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेच औषध टाकीच्या तळाशी आणि होजमध्ये वाळून बसलेले असते. हातमोजे घालून, विहीर, नाला आणि जनावरांच्या हौदापासून लांब, टाकी तीन वेळा खळबळून घ्यावी आणि प्रत्येक वेळी पंप चालवून पाणी नोझलमधून बाहेर काढावे. यात दहा मिनिटे जातात आणि त्याचे पंधरा रुपये हिशेबात धरलेच पाहिजेत. एकेक पंप धुण्याऐवजी वीस पंप साचवून एका सकाळी धुतले तर हा वेळ निम्म्याजवळ येतो.

धुताना पंप चालवलाच असल्याने मोटरची परीक्षा तेथेच होऊन जाते. बॅटरी, बाजारात जिला ‘बारा बाय आठ’ (12 व्होल्ट, 8 अँपिअर-तास) म्हणतात ती, पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवावी. तिने 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवले तरी लगेच विश्वास ठेवू नये. तिच्यावर पंपाची मोटर पंधरा मिनिटे चालवावी आणि दाब 10.5 व्होल्टखाली गेला तर ती मेलेली समजावी. अशी बॅटरी फोडून शिसे काढण्याच्या फंदात कोणी पडू नये. ती अख्खी, उभी ठेवून, बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यावी. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. टाकी प्लास्टिकवाल्याला देण्यापूर्वी तिच्या तळाला मोठे भोक पाडावे, म्हणजे ती कोणाच्या घरी पाणी भरण्यासाठी जाणार नाही.

मांडणी आणि वही

एका वेळी एकच जात खोलावी. दहा कूलर ओळीने घेऊन दहांच्या जाळ्या, मग दहांची पाती, मग दहांच्या मोटरी, असे केल्याने पाने बदलण्याचा वेळ वाचतो आणि हाताला सराव बसतो. काढलेला भाग हातातून थेट त्याच्या जागी पडावा, खाली टाकून पुन्हा उचलण्याची वेळ येऊ नये, म्हणून तेलाचे रिकामे पिपे आणि खताच्या गोण्या हाताच्या अंतरावर मांडाव्यात. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम, बीड, जाड लोखंड आणि पत्रा असे सहा वेगळे ढीग पुरेसे होतात. पत्रा आणि जाड लोखंड एकत्र केले तर सगळ्याला पत्र्याचा भाव लागतो. जालन्याच्या पोलाद कारखान्यांकडे माल पाठविणारे व्यापारी हा भेद काटेकोरपणे पाहतात.

चालू निघालेल्या भागावर तारीख, मूळ वस्तू आणि तपासणीचा आकडा खडूने लिहावा. मागणी नसलेला भाग चालू असला तरी साठवू नये. दोन हंगाम फळीवर पडून राहिलेली मोटर भंगारात घालावी. वहीत प्रत्येक जातीसाठी एक पान असावे, त्यात टप्प्यांची मिनिटे, दहापैकी चालू निघालेल्यांची संख्या आणि त्या दिवसाचा भाव लिहावा. तांब्याचा भाव रोज हलतो, त्यामुळे थांबण्याची जागाही हलते : भाव 600 वरून 500 वर आला तर वरच्या उदाहरणातील मोटर फोडल्यावर 253 रुपये येतात आणि खर्च जाता दोनशे साडेदहाच उरतात, म्हणजे अख्ख्या मोटरीचा भाव जागच्या जागी राहिला तर सगळी मेहनत फुकट. अख्ख्या मोटरीचा भाव किती उतरला आहे हे फोडण्याआधी फोनवर विचारून घ्यावे.

जे उघडायचेच नाही

काही वस्तूंच्या बाबतीत थांबण्याची जागा अगदी पहिल्या स्क्रूच्या आधी असते. फ्रीजची नळी कापून कॉम्प्रेसर काढणे गावोगावी चालते. जुन्या फ्रीजमधील वायू ओझोनच्या थराला घातक आहे, आणि नव्या फ्रीजमध्ये आर-600ए असेल तर तो पेट घेणारा आहे, ग्राइंडरची एक ठिणगी पुरते. काचेच्या मोठ्या नळीच्या जुन्या टीव्हीच्या काचेत शिसे असते आणि ट्यूबलाइट व सीएफएलमध्ये पारा असतो, त्यामुळे ते फोडू नयेत. सर्किट बोर्डातून सोने काढण्याचे आम्लाचे प्रयोग मोबाइलवर पाहून करणाऱ्यांनी, त्यातून उरलेले आम्ल कोठे ओतणार, हे आधी ठरवावे.

1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत 106 प्रकारच्या विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा समावेश असून, त्यांचा पुनर्वापर प्रक्रिया उद्योग केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्यांनीच करायचा आहे. म्हणून बोर्ड आणि अख्खी इलेक्ट्रॉनिक यंत्रे कोरड्या जागी साठवून नोंदणीकृत खरेदीदारालाच द्यावीत आणि पावती जपून ठेवावी. आपल्या दुकानाला कोणती नोंदणी लागते आणि जवळचे खरेदीदार कोण, याची चौकशी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर किंवा अमरावती येथील प्रादेशिक कार्यालयात करता येते. मोबाइलच्या आणि चार्जिंगच्या टॉर्चच्या फुगलेल्या लिथियम बॅटऱ्यांना टाचणीही लावू नये. खरेदीदार येईपर्यंत त्या लोखंडी डब्यात कोरड्या वाळूत, इतर मालापासून लांब आणि सावलीत ठेवाव्यात.